हुंकाऱ्याची ओळ

"मग उद्या मी होकार कळवून टाकते," हर्षा म्हणाली आणि डबा पिशवीत टाकून तिने चेन ओढली. चेन नेहमीसारखी अर्ध्यावर अडली. धनंजय कपातल्या चहात टोस्ट बुडवत होता. टोस्ट मऊ होऊन तुटला, तळाशी गेला, आणि तो चमच्याने वर काढता काढता त्याच्या लक्षात आलं की होकार कसला हे आपल्याला माहीत नाही. विचारायला त्याने तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात चेन सुटली आणि हर्षा म्हणाली, "तुम्ही तं हं म्हटलंच आहे. आता ऐनवेळी काही काढू नका मंग." हे ती भांडणाच्या सुरात म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त टाक म्हणावं तशी. मग चपलांचा आवाज, फाटकाची कडी, स्कूटीने चालू होताना घेतलेले आढेवेढे, आणि नालवाडीच्या त्या अर्धवट सिमेंटच्या गल्लीत तिची पाठ दिसेनाशी झाली. धनंजय कपाकडे बघत बसला. आपण एका गोष्टीला हो म्हणून बसलो आहोत, ती उद्या पक्की होणार आहे, आणि ती काय आहे हे आपल्याशिवाय सगळ्यांना माहीत असावं, असं त्याला वाटलं.

आता कोणी म्हणेल, एवढं काय त्यात, ती शिकवायला शाळेत पोचली की फोन लावायचा आणि विचारायचं. पण लग्नाला पंचवीसेक वर्षं झालेल्या माणसाला असा फोन लावता येत नाही. विचारलं की प्रश्न होकाराचा राहत नाही, ऐकण्याचा होतो, आणि त्या प्रश्नावर या घरात पूर्वी पुष्कळ रणं माजून गेली होती. त्यांची मुलगी आकांक्षा लहान होती तेव्हा धनंजय मागच्या खोलीत मॉनिटरसमोर बसलेला असायचा आणि हर्षा दारात उभी राहून काहीबाही सांगायची. गॅस संपला, मुख्याध्यापक काय बोलले, पोरीला ताप आहे. त्याच्या डोक्यात त्या वेळी कुठलातरी आकडा एका जागेवरून दुसऱ्या जागी जात असायचा आणि तो मध्येच सोडला तर पहिल्यापासून मांडावं लागायचं. तो गप्प बसे. "मी भिंतीसंग बोलून राह्यली काय?" असं म्हणून ती एकदा रडली होती. त्या दिवसापासून धनंजयने "हं" म्हणायला सुरुवात केली. दोन-चार वाक्यं झाली की एक हं. सूर थोडा वर, थोडा खाली. आकडा डोक्यात जिथल्या तिथे राही आणि हर्षाचं बोलणंही संपे. घरात शांतता आली. आकांक्षा मोठी होऊन नोकरीला पुण्याला गेली आणि त्या सगळ्या वर्षांचा गाडा या एका अक्षरावर बिनबोभाट चालला. आपण मोठा प्रश्न फारच स्वस्तात सोडवला, असं तो मनाशी समजत आला होता.

युक्ती त्याच्या धंद्यातलीच होती. धनंजय विंडोजवर चालणारे प्रोग्रॅम लिहायचा. दुकानांचे, दवाखान्यांचे, कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यांचे. वर्ध्यात हा उद्योग त्याने सुरू केला तेव्हा लोक त्याला कंप्युटरवाले साहेब म्हणत आणि स्पेशल चहा मागवत. आता जो तो मोबाईल पुढे करून "यात नाही का येत?" असं विचारतो. तेव्हापासून आजपर्यंत लोकांच्या तक्रारी मात्र त्याच राहिल्या. एकाच्या मशीनवर चालतं ते दुसऱ्याच्या मशीनवर उघडतच नाही, कारण बरोबर न्यायची एखादी फाईल मागे राहिलेली असते. एकाकडे तारीख अमेरिकन पद्धतीने, महिना आधी, मांडली जाते आणि एप्रिलमधला पेशंट मार्चमध्ये जाऊन बसतो. नव्या मोठ्या पडद्यावर अक्षरं कापली जातात. आणि या सगळ्यांची राणी म्हणजे, "साहेब, हँग झालं जी." त्यामागचं कारण त्याने इतक्यांना समजावून सांगितलं होतं की आता सांगतानाही जांभई येई. पडद्यावरच्या प्रत्येक चौकटीला विंडोज सारखं विचारत असतं, आहेस का, आहेस का. चौकट एखाद्या लांबलचक कामात बुडालेली असली की तिला उत्तर द्यायचं भान राहत नाही. मग विंडोज तिला पांढरीफटक करून टाकतं आणि वर नाव लिहितं, नॉट रिस्पॉन्डिंग. काम आत चाललेलंच असतं, पण माणूस घाबरून मशीन बंद करतो. यावर जुना उपाय होता एका ओळीचा. कामाच्या चक्रात मध्ये मध्ये ती ओळ टाकायची. ती ओळ काही करत नाही, फक्त काम क्षणभर बाजूला ठेवून विंडोजला सांगते की आहे, आहे. पुस्तकात तिचं नाव इंग्रजी होतं. धनंजय मनातल्या मनात तिला हुंकाऱ्याची ओळ म्हणायचा.

हुंकारा अण्णाजींचा. अण्णाजी म्हणजे त्याचे वडील, देवळीजवळच्या गावी शेती करायचे आणि जेवणं झाल्यावर ओसरीवर बसून गोष्ट सांगायचे. गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकारा भरायचा हा नियम होता. "एक होता राजा." हं. "त्याले होत्या दोन राण्या." हं. हुंकारा थांबला की गोष्ट थांबे. "झोपला वाटते श्रोता," म्हणून अण्णाजी पानाचा डबा जवळ ओढत. पण त्यांना खरी मजा यायची ती हुंकारा चालू असताना पोरगं झोपलेलं असलं की. सूर न बदलता ते म्हणत, "मंग राजानं धन्याले दोन पायल्या जवारीत इकून टाकलं." आणि अर्धवट झोपेतला धनंजय म्हणे, हं. "इकला गेला, इकला गेला!" ओसरी हसून हसून लोळे. तो दचकून उठे, सगळ्यांची तोंडं बघे, आणि खरंच कोणी आपल्याला नेतंय की काय म्हणून आईच्या पदराकडे सरके. लग्न होऊन आलेली हर्षा दाराआड उभी राहून या गोष्टी ऐकायची. पुढे अण्णाजींनी आकांक्षालाही असंच विकलं होतं, कधी हरभऱ्यात, कधी एका बैलाच्या बदल्यात. ते वारले त्याला आता बरीच वर्षं झाली. ओसरी चुलतभावाच्या वाट्याला गेली.

फोन वाजला तेव्हा धनंजयला वाटलं हर्षाचाच असेल, आणि बोलण्यातून काहीतरी सुगावा लागेल. पण फोन बंडूजींचा होता. हिंगणघाट रोडवरच्या जिनिंगमध्ये या हंगामात वजनं करायला हे नवे काटाबाबू लागले होते. "साहेब, तुमचा कंप्युटर बेइमान झाला जी," ते ओरडून सांगत होते, "इथं बोंबाबोंब होऊन राह्यली, लवकर या." त्याने गाडी काढली. फेब्रुवारी संपत आला होता आणि सकाळच्या उन्हालाच धार आली होती. बजाज चौकात सिग्नलला थांबला असताना त्याने पहिला अंदाज बांधला. आकांक्षाचं स्थळ. दिवाळीत हर्षा कोणाच्यातरी मुलाबद्दल बोलत होती. उद्या होकार कळवायचा म्हणजे तोच. आपण आपल्या मुलीच्या लग्नाला टोस्ट खाता खाता हो म्हटलं की काय? मग आठवलं, त्या मुलाला आकांक्षानेच फोनवर साफ नाही सांगितलं होतं. मग घरामागचा प्लॉट? तो विकायचा की नाही हे हर्षा एकटी ठरवणार नाही. मग काय? मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गिल्ला केला तेव्हा सिग्नल कधीचा हिरवा झालेला होता.

जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाने लादलेल्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आणि ट्रॅक्टर एकामागे एक उभे होते आणि काट्याच्या केबिनपाशी माणसांचा घोळका होता. झालं होतं ते असं. एका म्हाताऱ्याच्या बंडीचं वजन ट्रॅक्टरएवढं निघालं होतं, तो काही न बोलता आकाशाकडे बघत होता. आणि ज्याचा ट्रॅक्टर होता त्याच्या चिठ्ठीवर मागच्या बंडीचं वजन आलं होतं, तो मात्र खूप बोलत होता. मालकांचा मुलगा प्रफुल दोघांना पुन्हा काट्यावर चढवतो म्हणून समजावत होता. धनंजयने बंडूजींना म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं वजन करा, मी मागे उभा राहतो. बंडी काट्यावर आली. बंडूजींनी बटण दाबलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं, "हो जी". आणि ते उमटल्याबरोबर बंडूजींनी खिडकीतून हात काढून बंडीवाल्याला पुढे हो म्हणून खूण केली. काट्यावरचा आकडा अजून खाली-वर होत होता. प्रोग्रॅम आकडा स्थिर व्हायची वाट बघत बिचारा आत चक्रं मारत होता, मध्ये मध्ये आहे, आहे सांगत होता. बंडी उतरली, मागचा ट्रॅक्टर चढला, आकडा स्थिर झाला, आणि बंडीच्या नावाने ट्रॅक्टरचं वजन छापून बाहेर पडलं.

"बंडूजी, थांबत काऊन नाही तुम्ही?"

"थांबू कायले? त्यानं हो जी म्हटलं न साहेब. हो म्हटलं तं झालं ना काम."

"हो जी म्हणजे झालं असं नाही. हो जी म्हणजे आयकून राह्यलो."

"बाप्पा!" बंडूजी खुर्चीत मागे रेलले. "हो म्हन्ते अन् करत नाई, हे कोणतं हो म्हणा?" घोळक्यातले दोघे-तिघे हसले. धनंजयही हसला, पण कोणीतरी तोंडात मारल्यासारखं त्याला झालं. ते "हो जी" त्यानेच घातलं होतं. उभ्या आयुष्यात प्रोग्रॅममध्ये केलेली ही त्याची एकच गंमत. दुसरे लोक प्लीज वेट लिहितात, आपण आपल्या भाषेत लिहू, म्हणून. तेव्हाचे काटाबाबू बापूराव खूश झाले होते, "हा तं आपल्यातला निघाला," म्हणाले होते, आणि त्याचा अर्थ त्यांना त्याने समोर बसून सांगितला होता. बापूराव घरी बसले. जाताना अर्थ घेऊन गेले. शिवाय जुना काटा डोळ्याची पापणी लवेपर्यंत स्थिर व्हायचा, यंदा बसवलेला नवा वेळ घेत होता. म्हणजे चूक सगळी वर्षं तिथेच होती. फक्त तिला पुरेसा वेळ मिळत नव्हता.

केबिनच्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन तो दुरुस्तीला बसला. प्रफुलने आतून चहा पाठवला आणि जाता जाता म्हणाला, "धनंजयभाऊ, आता हे सगळं मोबाईलवर घेऊन टाका ना." धनंजय म्हणाला, हं. मग स्वतःचाच आवाज ऐकून त्याने वर पाहिलं, पण प्रफुल निघून गेला होता. आपण आत्ता मोबाईलला हो म्हटलं की काय, याचाही त्याला पत्ता नव्हता. दुरुस्ती अवघड नव्हती. खरा उपाय त्याला केव्हापासूनच माहीत होता. हुंकाऱ्याची ओळ ही पळवाट असते, हे तो दुसऱ्यांना हिरिरीने सांगत आला होता. ती ओळ टाकली की चौकट जिवंत दिसते, पण तेवढ्या सवडीत माणूस पुन्हा बटण दाबू शकतो आणि पहिलं काम पुरं व्हायच्या आत दुसरं त्याच्यावर येऊन बसतं. नीट करायचं तर लांबलचक काम वेगळ्या थ्रेडवर टाकायचं. म्हणजे काम करणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा, ऐकणाऱ्याने बाकी काही करायचंच नाही. आणि काम संपेपर्यंत बटण बंद ठेवायचं. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये त्याने हे शंभर ठिकाणी केलं होतं. या काट्याचं करू करू म्हणत राहून गेलं, कारण चाललं होतं ना. त्याने "हो जी" खोडलं. तिथे काय लिहावं याचा फार विचार करावा लागला नाही. "थांबा" असं लिहिलं आणि अक्षरं लाल केली. पुढची बंडी आली तेव्हा बंडूजी पडद्याकडे बघत हात मांडीवर ठेवून बसले. "थांबा म्हन्ते तं थांबलो," ते कोणालातरी उद्देशून म्हणाले. चिठ्ठी बरोबर निघाली. धनंजयला आनंद व्हायला हवा होता. त्याला नुसतं थकल्यासारखं झालं, जणू ती बंडी त्यानेच ओढत आणली होती.

परत येताना तो रस्त्याच्या कडेला एका कडुनिंबाखाली थांबला आणि त्याने हर्षाचं गेल्या काही दिवसांतलं, दारात उभं राहून केलेलं बोलणं मुद्दाम आठवायला घेतलं. गंमत अशी, की त्या वेळी पडद्यावर काय होतं ते त्याला ओळ न् ओळ आठवत होतं. तारखेचाच घोळ होता, आर्वीच्या एका दवाखान्याचा. तीन एप्रिल चार मार्च होत होती. स्वयंपाकघरातून मेथीच्या फोडणीचा वास येत होता. हर्षा दारात उभी होती, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला. ओठ हलताना दिसत होते. आवाजही होता, त्याचा चढउतार होता, शब्द मात्र कोणी पुसून नेल्यासारखे. तो डोळे मिटून उभा राहिला. बाजूने ट्रक गेला, धुळीचा भपकारा आला. मग एकेक शब्द वर येऊ लागला, चहातल्या टोस्टच्या तुकड्यांसारखा. आई. जूनपासून. मागची खोली. पुन्हा आई. मध्ये कुठेतरी, तुमचं कसं होईल. आणि एकदम सगळं जुळलं. कौशल्याबाई! हर्षाची आई आष्टीला एकटी राहायची, दिवाळीत न्हाणीत पडली होती, तेव्हापासून चालायचे वांधे. तिला जूनपासून इथे आणायचं, मागची खोली द्यायची, म्हणून तुमच्या कामाचं कसं होईल असं हर्षा विचारत होती. आणि आपण म्हटलं, हं. त्याच्या छातीवरून एवढं मोठं ओझं उतरलं की तो एकटाच हसला. मागून हळूच राग आला. वीस-बावीस वर्षांची खोली ती! तिथल्या भिंतीवर आपल्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे, खुर्ची मागे सरकवून टेकतो तिथे. पण राग फार टिकला नाही. म्हातारी फोनवर पलीकडच्या गावाला ऐकू जाईल असं ओरडून बोलते, पण मनाची चांगली. येऊ दे. निदान आपण हो म्हटलं ते एका चांगल्या गोष्टीला, असं वाटून त्याला स्वतःबद्दल थोडी मायाही वाटली.

घरी पोचल्यावर तो जेवलाही नाही. मागच्या खोलीला भिडला. कपाट सरकवलं, त्याच्यामागे भिंतीचा मूळचा पांढरा रंग चौकोनात शाबूत होता. फ्लॉपींचे डबे निघाले, काट्यांना जोडायच्या जुन्या वायरींची भेंडोळी निघाली, मेलेला मॉनिटर निघाला, ज्याच्यावर तो पहिल्यांदा दोन चौकटी एकमेकींवर सरकवून हर्षाला दाखवायला ओरडत गेला होता. तेव्हा ती कणकेच्या हातांनी पळत आली होती आणि दोघेही त्या चौकटींच्या निळ्या पट्टीकडे बघत उभे होते, पाळण्यातल्या पोराकडे बघावं तसे. ते त्याला इतक्या स्पष्टपणे आठवलं की तो मॉनिटर हातात धरून तसाच उभा राहिला. ती कधीपासून दाराच्या आत येईनाशी झाली? त्याने कधी येऊ नको म्हटलं नव्हतं. त्याने सगळं सामान दिवाणखान्याच्या कोपऱ्यात नेऊन रचलं, टेबल तिथे लावलं. खोलीत दिवाण टाकला, धुतलेली चादर घातली, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायला स्टूल ठेवलं. कौशल्याबाई आष्टी सोडणार नाही असं शंभरदा म्हणाल्या होत्या, हेही मध्येच त्याला आठवलं होतं. पण म्हातारी माणसं म्हणतात तसं, म्हणून त्याने ते वायरींच्या भेंडोळ्याबरोबर बाजूला सारलं. कंबर मोडून आली होती. तरी आज खूप दिवसांनी आपण काहीतरी नीट ऐकलं, असं मनाला बरं वाटत होतं, आणि हर्षा केव्हा येते असं त्याला झालं होतं.

ती दिवेलागणीला आली. पिशवी खांद्यावरच होती. दिवाणखान्यातला पसारा बघून ती मागे आली आणि खोलीच्या दारात, नेहमीच्या जागी, उभी राहिली.

"हे काय मांडलं?"

"आईसाठी. खोली मोकळी करून ठेवली. जूनची वाट कायले पाहायची, पुढच्या आठवड्यात घेऊन येऊ म्हणतो."

हर्षाने चादरीकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं. "आई इथं येऊन राह्यली असं कोणी सांगतलं तुमाले?"

"तूच तं. मागची खोली म्हणाली होती."

ती आत आली आणि दिवाणाच्या कडेवर बसली. चिडली नाही. चिडली असती तर धनंजयला काहीतरी धरायला सापडलं असतं. "आई आष्टी सोडते काय कधी?" ती म्हणाली. "मी जाऊन राह्यली. आमच्या संस्थेची आष्टीले शाळा आहे, तिथं हेडमिस्ट्रेसची जागा देऊन राह्यले मले. जूनपासून. आईच्या घरची मागची खोली. मी राह्याले."

"पण एसटीनं रोजचं..."

"नाई जमत रोजचं. म्हणून तं राह्याले. रिटायर होईपर्यंत. आईचंही होते. मधामधात येत जाईन."

"तू मले सांगतलं नाही," असं तो म्हणून गेला आणि म्हणताक्षणी ते परत घेता आलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं.

"तीनदा सांगतलं," हर्षा म्हणाली. ती पिशवीची चेन मागेपुढे करत होती. "पहिल्यांदा इचारलं, जाऊ काय? तुम्ही म्हटलं, हं. मले वाटलं, असन. दुसऱ्यांदा इचारलं, तुमचं जेवणाखाण्याचं कसं होईल? हं म्हटलं. मंग मले अण्णाजीची आठवण आली." ती थोडी थांबली. पुढचं बोलली ते तिच्या आवाजात नव्हतं, ओसरीवरच्या त्या संथ, सूर न बदलणाऱ्या आवाजात होतं. "म्हटलं, मंग हर्षा घर सोडून गेली, अन् वापस आलीच नाई."

धनंजयने उशाचं स्टूल उगाच थोडं सरकवलं.

"तुम्ही म्हटलं, हं. मी इथंच दारात उभी राह्यली जराशी. म्हटलं, आता दचकन हा माणूस. आता हसन. तुमची टकटक चालू होती. अण्णाजी पकडत तं सारेच हसत, मी एकटी काय हसू? मंग मी गेली भाजी पाहाले."

खोली रिकामी असल्यामुळे तिचा आवाज जरा घुमत होता. धनंजयला एकदम लहानपणची ती दचक आठवली, आईच्या पदराकडे सरकण्याची, आपल्याला विकलं गेलंय अशी. त्या वेळी सगळे हसत होते म्हणून ते खोटं ठरलं. त्याला हर्षाच्या हाताला हात लावावासा वाटला, पण ती चेनशी खेळत होती आणि तिचे हात मोकळे नव्हते. आपण फार वाईट वागलो, असं त्याला वाटलं. त्याहून जास्त वाटली ती भीती, साधी, संध्याकाळी या घरात दिवा लावणारं दुसरं कोणी नसेल याची. आणि मग तो शब्द त्याच्या तोंडाशी आला, जो दुपारी त्याने काही विचार न करता लाल अक्षरांत लिहून टाकला होता, आणि ज्याच्यासाठी ही बाई या दारात तीन वेळा येऊन उभी राहिली होती.

"थांब," तो म्हणाला.

हर्षाने मान वर केली. "कायले?"

त्याला वाटलं ती टोमणा मारते आहे. पण ती खरंच विचारत होती. "सांगा ना," ती म्हणाली, "कायले थांबू? मी आयकून राह्यली."

धनंजय तिच्यासमोर जमिनीवरच बसला, भिंतीला पाठ लावून. आपल्याजवळ सांगण्यासारखं गेल्या कित्येक वर्षांत काही साठलंच नाही, असं त्याला वाटलं. मग त्याने सकाळपासून सुरुवात केली. टोस्ट कसा बुडाला ते सांगितलं. बजाज चौकात कसं भलतंच डोक्यात आलं ते सांगितलं. बंडूजींचं सांगितलं, म्हाताऱ्याच्या बंडीला ट्रॅक्टरचं वजन कसं लागलं, हो जी म्हणजे काय आणि त्याचा त्यांनी काय अर्थ घेतला. तो मॉनिटर सापडल्याचं सांगितलं, तिच्या कणकेच्या हातांचं सांगितलं. सांगता सांगता तो अडखळत होता, मागेपुढे जात होता. हे थांबण्याचं कारण होतं की नव्हतं, त्याला ठाऊक नव्हतं. तो श्वास घ्यायला थांबला.

"हं," हर्षा म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत होती, की त्याच्या मागच्या भिंतीवर कपाट हलवल्याने उघड्या पडलेल्या पांढऱ्या चौकोनाकडे, हे त्याला अंधारात नीट दिसेना. ते हं ऐकत असल्याचं होतं, की थांबते म्हणण्याचं, की त्याला नुसतं बोलत ठेवण्यासाठी मध्ये टाकलेलं, हे त्याला ओळखता येईना. अण्णाजींसारखं मध्येच काहीतरी भलतं घालून पाहावं, असं त्याच्या मनात आलं. तेवढा त्याचा धीर झाला नाही. तो पुढचं सांगू लागला.